मीठ, कोळसा आणि एसएमपीएस

वळवाचा पहिला गडगडाट झाला की आमच्या वडगावातले माग थांबतात. एरवी गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो, पण तो कुणाला ऐकू येत नाही. थांबला की ऐकू येतो. पुण्याच्या पाहुण्यांकडं 'लाईट जातात', आमच्याकडं बेळगावात करंट जातो. एप्रिल २०२२ मधल्या एका संध्याकाळी तो गेला, आला, परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा घरातले दिवे नको तेवढे पांढरे दिसले, आणि माझ्या टेबलाखाली 'फट्' झालं. आवाज मोठा नव्हता, पापड मोडल्यासारखा होता. त्याच्यामागून वास आला, जळकं प्लॅस्टिक आणि शिळी मासळी यांच्या मधला. हा वास ज्यानं एकदा घेतला तो सहसा विसरत नाही.

मी डीटीपी करतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, तेराव्याची कार्डं, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, मराठीत आणि कानडीतही. एप्रिल म्हणजे ऐन लग्नसराई. त्या डिस्कवर सतरा लग्नं अडकली होती, आणि त्यातल्या दोन नवरदेवांचे बाप चौथ्या दिवशी सकाळी दारात उभे राहणार होते.

लाइनमन आला तेव्हा कळलं की टीसीकडून, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरकडून, येणाऱ्या लाइनचा न्यूट्रल सुटला होता. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खांबावर तीन फेज आणि एक न्यूट्रल येतात. प्रत्येक घराला एक फेज आणि तो सगळ्यांचा सामाईक न्यूट्रल मिळतो, म्हणून २३० व्होल्ट. न्यूट्रल तुटला की दोन वेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना अडकतात. ज्या बाजूला माग चालू असतात तिथं व्होल्टेज पडतं आणि ज्या घरात एक दिवा आणि एक कॉम्प्युटर असतो तिथं ते साडेतीनशे-चारशेच्या दिशेनं चढतं. त्या संध्याकाळी ते घर माझं होतं.

तो कॉम्प्युटर २०१४ मध्ये शहरातल्या एका दुकानातून असेंबल करून घेतलेला. घेताना मी प्रोसेसर विचारला, रॅम विचारली, डिस्क किती जीबीची ते विचारलं, मॉनिटर घासून घासून पाहिला. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला झेपेल अशी करून देणारा आतला डबा, कुठला हे मीही विचारलं नाही आणि दुकानदारानंही सांगितलं नाही. लग्नाच्या जेवणाला पाहुण्याबरोबर त्याचं धाकटं पोर येतं तसा तो कॅबिनेटबरोबर आला होता. वेगळं पान मांडायची गरज कुणाला वाटली नाही.

दोन दिवस तो मेलेला एसएमपीएसचा डबा तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी आप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. आप्पा म्हणजे माझे वडील. उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, तीस वर्षं लेथवर काढली. निवृत्त होऊनही हातातली मोजपट्टी सुटलेली नाही. माझा भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. तो ओरडला, "आज्जा, थांबा! आत मोठा कपॅसिटर आहे, सव्वातीनशे व्होल्ट धरून बसतोय." त्याचं बरोबर होतं. २३० व्होल्ट एसी सरळ करून घेतला की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतो आणि तो त्या कपॅसिटरमध्ये साठतो. आप्पांनी वाद घातला नाही. जुन्या शंभरच्या बल्बच्या दोन वायरी कपॅसिटरच्या पायांना लावल्या, बल्ब पेटला नाही हे पाहिलं आणि मगच हात घातला. (हे घरी करून बघू नका. बंद डबा बंदच ठेवलेला बरा. उघडायचाच झाला तर आप्पांच्या वयाचा आणि सवयीचा माणूस शेजारी असेल तरच.)

आत काय होतं यापेक्षा काय नव्हतं हेच आप्पांच्या नजरेत भरलं. सर्किटच्या पाटीवर सुट्या भागांच्या जागा छापलेल्या होत्या. इथं कॉइल, इथं फिल्टरचा कपॅसिटर, इथं व्होल्टेजचा झटका अंगावर घेणारा व्हॅरिस्टर. त्यातल्या निम्म्या जागा रिकाम्या. दोन ठिकाणी कॉइलऐवजी सरळ तारेचा तुकडा टाकून जोडलेलं. "ब्लो-होल," आप्पा म्हणाले. फाउंड्रीत ओतीव भागात आत हवा राहून पोकळी होते, तिला ते म्हणतात. बाहेरून रंग मारला की कळत नाही. इथंही बाहेरून '४५० वॅट' असा रंग मारलेलाच होता. भाच्यानं स्टिकरवरचं बारीक कोष्टक वाचलं. १२ व्होल्टच्या लाइनवर १४ अँपियर. चौदा बारे एकशे अडुसष्ट. आजच्या कॉम्प्युटरचं जवळजवळ सगळं खाणं १२ व्होल्टवर चालतं, म्हणजे माझा साडेचारशेचा पहिलवान खरा एकशे अडुसष्टचाच होता. तोही कंपनीच्या शब्दावर.

मला मात्र दुसरंच डाचत होतं. डबा मेला तर मेला, नवा आणता येतो. पण त्यानं जाताना मदरबोर्ड नेला आणि हार्ड डिस्कही. का?

आप्पांनी याचं उत्तर उद्यमबागेतून दिलं. मोठ्या मशीनमध्ये मोटर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये मुद्दाम एक मऊ पोलादाची पिन ठेवतात, शिअर पिन. मशीन अडकलं, जोर जास्त झाला की ती कातरून तुटते. गिअरबॉक्स वाचतो, पिन दहा रुपयांची. एकदा कुणीतरी पिना सारख्या तुटतात म्हणून वैतागून तिथं कडक बोल्ट घातला. पुढच्या वेळी बोल्ट शाबूत राहिला आणि गिअरचे दात उडाले. "मशीन बंद पडतंय का, हे काय विचारालैस? सगळंच बंद पडतंय कधीतरी. मरताना कुणाला घेऊन जातंय ते विचार," आप्पा म्हणाले.

एसएमपीएसचं काम तसं ऐकायला सोपं आहे. भिंतीतले २३० व्होल्ट घ्यायचे, १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी द्यायचे. जुन्या पद्धतीच्या पॉवर सप्लायमध्ये याचसाठी चांगला वजनदार ट्रान्सफॉर्मर असायचा, कारण आपला करंट सेकंदाला पन्नास वेळाच हेलकावतो. एसएमपीएस आधी तो सरळ करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. मोठ्या घागरीनं चार खेपा घालण्याऐवजी तांब्यानं चारशे घालाव्यात तसं. म्हणून एवढासा ट्रान्सफॉर्मर पुरतो. पण तांब्यावाला चुकला तर? चांगल्या डब्यात वेगळं पहारेकरी सर्किट असतं. व्होल्टेज चढलं, करंट वाढला, शॉर्ट झाला, तापला, की ते सगळं बंद करतं. १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्के इकडंतिकडं मुभा आहे, म्हणजे ११.४ ते १२.६. माझ्या डब्यात पहारेकऱ्याची जागाही रिकामीच असावी. मरायच्या क्षणी त्यानं आत जे हाताला लागेल ते सोडलं.

डिस्कची गोष्ट मात्र वेगळी निघाली. दुरुस्ती करणाऱ्यानं तिच्या खालची हिरवी पाटी भिंगातून पाहिली आणि दाण्याएवढा एक डायोड उचकटून काढला. डिस्क फिरायला लागली! व्होल्टेज वाढलं की स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवायचं, एवढ्यासाठीच तो तिथं बसवलेला असतो. आप्पांची शिअर पिन. सतरा लग्नं त्या दाण्यानं वाचवली. आता डिस्कला संरक्षण उरलं नव्हतं, म्हणून त्या रात्रीतच सगळं दुसरीकडं उतरवून घेतलं. सकाळी नवरदेवांच्या बापांना चहा पाजला आणि काही कळू दिलं नाही.

मग ठरवलं, या वेळी दुकानात असेंबल करून घ्यायचा नाही. एकेक भाग आणून घरीच जोडायचा, आणि सुरुवात एसएमपीएसपासून करायची. भाचा हसला. त्याचे मित्र ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतात आणि उरलेल्या पैशांत एसएमपीएस बसवतात. त्या वर्षी कार्डांचे भाव ऐकूनच मी तो नाद सोडला होता आणि ग्राफिक्स आतच असलेला रायझन ५ ५६००जी घ्यायचं पक्कं केलं होतं. ६५ वॅटचा प्रोसेसर, पूर्ण जोरात ८८ पर्यंत जातो. एसएसडी, पंखे, बोर्ड धरून सगळा संसार दीडशे वॅटच्या आत.

"मग ३०० वॅटचा पुरे की," मी म्हणालो. पुरला असता, पण चांगल्या प्रतीचा आणि एवढा लहान डबा साध्या आकारात मिळतच नव्हता. शिवाय उद्या कार्ड बसवायचं मनात आलं तर? आम्ही ५५० वर थांबलो. ७५० घ्या, ८५० घ्या असं सांगणारे भेटलेच. वॅट म्हणजे ताकद आणि जास्त ताकद म्हणजे जास्त भरवसा, हा एक गोड गैरसमज आहे. लहान संसाराला मोठी परात घेतली म्हणून भाकरी चांगली होत नाही. माझं मत विचाराल तर हलका ७५० घेण्यापेक्षा नेक ५५० कधीही बरा.

नेकी मोजायची कशी, हे जास्त अवघड. डब्यावर '८० प्लस' लिहिलेलं असतं, मग ब्राँझ, गोल्ड वगैरे. लोक ते दर्जाचं पदक समजतात. मीही समजत होतो. ते फक्त बचतीचं पदक आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामाला लागली आणि किती उष्णता होऊन गेली, एवढंच ते सांगतं. अर्ध्या लोडवर ब्राँझ ८५ टक्के, गोल्ड ९०, आणि ही मूळ मोजणी ११५ व्होल्टवर, थंड खोलीत. संरक्षणाची सर्किटं आहेत का, १२ व्होल्टची रेघ किती थरथरते, वैशाखात पत्र्याच्या खोलीत काय होतं, याबद्दल ते पदक गप्प. मी कागदावर हिशोब केला. माझं खाणं १२० वॅट, दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस. ब्राँझऐवजी गोल्ड घेतला तर वर्षाला वीसेक युनिटं वाचतात. तेवढ्यासाठी जास्तीचे अडीच हजार घालायला मी तयार नव्हतो. पण पदकच नसलेला डबा नको, एवढं मात्र कळलं. जो ८० टक्केही गाठत नाही, त्यानं आत काय काय गाळलं असेल ते आम्ही उघडून पाहिलं होतं.

दुसरी गंमत आप्पांना फार आवडली. डब्यावर ज्याचं नाव असतं त्यानंच तो बनवलेला असतो असं नाही. तैवान आणि चीनमधले मोजके कारखाने अनेक ब्रँडांना एसएमपीएस करून देतात. एकाच ब्रँडचं एक मॉडेल एका कारखान्याचं, दुसरं दुसऱ्याचं. "मग आमचं काय वेगळं होतं?" आप्पा म्हणाले. उद्यमबागेत ओतलेला, कातलेला भाग पुण्याला जातो, तिथल्या पंपावर तिथलं नाव लागतं. म्हणून ब्रँडवर प्रेम करायचं नाही, मॉडेलची चौकशी करायची. उघडून, लोड टाकून तपासणारे लोक जगात आहेत, त्यांचं वाचायचं. आतले कपॅसिटर ८५ अंशांचे की १०५ चे? दर दहा अंश थंड ठेवला की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा एक ढोबळ नियम आहे. आणि कंपनी स्वतः किती वर्षांची हमी घालते? एका वर्षाची हमी देणाऱ्याला स्वतःचा माल ओळखीचा असतो, पाच वर्षांची देणाऱ्यालाही.

हमीतही आमचा सीमाप्रश्न आडवा आला. कोल्हापूरला शे-दोनशे रुपये कमी लागत होते, पण बिघडला तर तिथंच आणून द्या. हुबळीलाही तेच उत्तर. दोन्हीकडं शंभर किलोमीटर. शेवटी गावातच थोडे जास्त देऊन घेतला. ब्राँझ, पाच वर्षं हमी, चार हजारांच्या आतबाहेर.

पेटी उघडली तेव्हा आप्पांनी आधी डावा-उजवा हात केला. जुना एका हातात, नवा दुसऱ्या. तराजू लागलाच नाही. बरोबर सूचनांची घडी होती. धोक्याच्या सूचना चिनी, रशियन, अरबी, पोर्तुगीज, आणखी कुठकुठल्या भाषांत. मराठी नाही आणि कानडीही नाही. ज्या दोन भाषांसाठी आमच्याकडं पाट्यांना काळं फासतात, त्या दोघींनाही त्या कागदावर एकसारखीच जागा होती. मी तो कागद अजून जपून ठेवलाय.

जोडणी रविवारी जेवणाच्या टेबलावर झाली. ते वर्णन करत बसत नाही. प्रोसेसर खाचेत बसताना जीव मुठीत आला, बाकी भाच्याचा हात सफाईचा. एसएमपीएस मात्र आधी एकटा चालवून पाहिला. चोवीस पिनांच्या कनेक्टरात हिरव्या तारेची जागा आणि शेजारचा काळा, तारेच्या तुकड्यानं जोडले की तो जागा होतो. मल्टिमीटरनं १२.०८ दाखवले. संध्याकाळी साडेसहाला, गल्लीतले सगळे माग चालू असताना, भिंतीत १८७ व्होल्ट होते. तरीही १२.०८. आप्पांनी मीटर स्वतःच्या हातात घेऊन परत मोजलं.

आता सुखानं काम चालू झालं असं म्हणायला हरकत नव्हती. पण तिसऱ्या दिवशी आमच्या हिनं केर काढताना कॅबिनेटला हात लावला आणि झाडू टाकून ओरडली. झिणझिण्या. मी लावला, मलाही. उलट्या हातानं नुसता स्पर्श केला तर मुंग्या धावल्यासारखं. मीटर लावला तर पत्रा आणि फरशी यांच्यात शंभरच्या वर आकडा.

"चार हजारांचा आणलात आणि हे?" ती म्हणाली. "फुकटच्यानं आठ वर्षांत कधी चावलं नाही!"

बिनतोड होतं. शेजारी, दुकानदार, माझा मेहुणा, सगळ्यांचं एकमत झालं की डबा खराब, बदलून आणा. मीही पेटीत भरायला काढला होता. थांबवलं भाच्यानं. एक दिवस त्यानं काही सांगितलं नाही, नुसतं वाचत बसला. मग जे सांगितलं ते मला आजही गमतीचं वाटतं. चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात दोन लहान कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला, एक न्यूट्रलपासून पत्र्याला. येणारा विजेचा कचरा त्यांनी अर्थिंगमध्ये टाकायचा. पण अर्थिंगच नसेल तर? मग पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो, २३० च्या निम्म्यावर. करंट जेमतेम, जीव घेण्याइतका नाही, पण झिणझिण्या येणारच. आणि जुना का चावत नव्हता? कारण त्याच्यात फिल्टरच नव्हता. त्या रिकाम्या जागा! आठ वर्षं आम्ही जिला शहाणपणा समजत होतो ती गैरहजेरी होती.

आप्पांनी भिंतीतलं सॉकेट उघडलं. तिसऱ्या, मोठ्या भोकाला हिरवी तार व्यवस्थित जोडलेली. तार पट्टीतून मीटरच्या पेटीपर्यंत नीट गेलेली. तिथून बाहेर, भिंतीला लागून, परसात. परसात ती तुळशीवृंदावनाच्या मागं, जमिनीपासून वीतभर वर, हवेत संपत होती. कधीतरी गटाराचं काम झालं तेव्हा कुणीतरी खणताना तोडली असणार. घरात बारा सॉकेटं, बाराही तीन भोकांची, आणि सगळ्यांचा भरवसा त्या लोंबत्या टोकावर.

फेज आणि अर्थिंगच्या मध्ये बसवलेल्या व्हॅरिस्टरची गोष्टही तीच, भाचा म्हणाला. विजेच्या कडकडाटात आलेला झटका अर्थिंगकडं वळवायचा असतो. वाटच नसेल तर पहारेकरी चोराला पकडून ठेवणार कुठं?

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी खड्डा खणला. गड्यानं पाच फूट खणलं, पुढं पाइप ठोकून घातला. आठ फुटी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, दीड इंची, खालच्या अंगाला भोकं पाडलेला. रविवार पेठेतून जाड मिठाची गोणी आणली. कोळसा इस्त्रीवाल्याकडून. तो म्हणाला, "चूल पेटवताय काय?" एक थर कोळसा, एक थर मीठ, परत कोळसा. आप्पा काठावर पाटावर बसून थर मोजत होते. मिठानं पाइप गंजतो, दहा-बारा वर्षांनी बदलावा लागेल, हे त्यांनी तेव्हाच बजावलं आणि तारीख भिंतीवर खिळ्यानं कोरली. वर छोटा विटांचा हौद, मध्ये पाणी घालायला फनेल. वायरमनकडून मेन बोर्डात एक प्रोटेक्टरही बसवून घेतला, व्होल्टेज फार चढलं किंवा पडलं की अख्ख्या घराचा करंटच तोडून टाकणारा. कारण परत न्यूट्रल सुटला तर चारशे व्होल्ट कुठलाच एसएमपीएस पचवणार नाही, चार हजारांचाही.

संध्याकाळी मीटर लावला. पत्रा आणि जमीन यांच्यात शून्य. हिनं आधी दुरून, मग हात लावून पाहिलं आणि काही न बोलता केर पुढं काढला.

एक चूक राहिलीच होती. जुना यूपीएस मी तसाच लावला होता. करंट गेला की तो बॅटरीवर जायचा आणि कॉम्प्युटर टुण्णकन रीस्टार्ट. स्वस्त यूपीएस लाटेऐवजी पायऱ्या-पायऱ्यांचा करंट देतो आणि नव्या पद्धतीच्या काही एसएमपीएसना तो मानवत नाही. शुद्ध लाटेचा यूपीएस एसएमपीएसपेक्षा महाग निघाला. तो घेतला, पण दिवाळीनंतर, पावतीपुस्तकांचे पैसे आल्यावर.

भाचा आता बेंगळुरूला नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. मला वाटलं, विचारेल कॉम्प्युटर कसा चाललाय.

"मामा, खड्ड्यात पाणी घातलंत काय?"

मी उत्तर जुळवत होतो तोवर आप्पांनी फोन हातातून काढून घेतला.

"दोन घागरी," ते म्हणाले. "सकाळीच."